सिल्कसाँग, काही महिन्यांनंतर: सगळं वाढलं, उसंत तेवढी कमी झाली

‘सिल्कसाँग फार अवघड आहे म्हणे?’ गेमचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. हो, आहे. पण गेले काही महिने तो खेळून, शेवट गाठून, मग मुद्दाम त्याचा पहिला भाग ‘हॉलो नाइट’ पुन्हा लावून दोन्ही आलटून पालटून खेळल्यावर मला वाटतं की नुसत्या अवघडपणावर या दोन खेळांची तुलना थांबवली तर निम्मी गोष्ट राहूनच जाते. पहिला भाग रेंगाळू देतो. दुसरा रेंगाळू देत नाही. मला जे आवडलं ते आणि जे खटकलं ते, दोन्ही शेवटी इथेच येऊन पोचतं.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये टीम चेरी नावाचा अगदी मोजक्या माणसांचा स्टुडिओ आहे. अ‍ॅरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे त्यातले मूळ दोघं. २०१४ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढली, ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास जमले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ आला. किड्यांचं एक जमिनीखालचं राज्य, हाताने काढलेली चित्रं, आणि हातात खिळा घेतलेला एक छोटासा मुका योद्धा. हॉर्नेट ही त्यातली एक प्रतिस्पर्धी. तिला घेऊन खेळता येईल असं एक जोडप्रकरण करायचं त्यांनी वर्गणीदारांना कबूल केलं होतं. ते इतकं वाढलं की २०१९ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला एकदाचा बाजारात आला. त्या दिवशी एवढी झुंबड उडाली की स्टीमसकट बऱ्याच ऑनलाइन दुकानांनी मान टाकली. किंमत २० डॉलर, म्हणजे पहिल्यापेक्षा जेमतेम पाच डॉलर जास्त. एवढी वर्षं का लागली, तर आम्हाला करायला मजा येत होती, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. हेवा वाटतो अशा माणसांचा.

आता मुद्द्याचं. दोन्ही गेममध्ये जीव ‘मास्क’मध्ये मोजला जातो आणि दोन्हीकडे सुरुवातीला पाच मास्क असतात. पहिल्या भागात शत्रूला तीन फटके मारले की एक मास्क भरून काढण्याएवढी ऊर्जा जमते. दुसऱ्या भागात नऊ फटक्यांनी रेशमाची गुंडाळी भरते आणि ती एकदम खर्च करून तीन मास्क परत मिळतात. हिशेब केला तर भाव तोच आहे, मास्कमागे तीन फटके. फरक इतकाच की पहिल्या दुकानात माल किरकोळीत मिळायचा आणि दुसऱ्यात घाऊकच घ्यावा लागतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण खेळायची सगळी तऱ्हा यामुळे बदलते. ‘हॉलो नाइट’मध्ये बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावर भेटणारा तगडा शत्रू, दमला, मागे सरकला, जरा उसंत मिळाली की जमिनीवर उभं राहून एक मास्क भरायचा आणि पुन्हा भिडायचं. दोन मास्क गेले तर एक तरी परत आला, असं चालायचं. ‘सिल्कसाँग’मध्ये गुंडाळीत आठ धागे असले तरी त्यांचा बरं व्हायला उपयोग शून्य. आणि नऊ भरल्यावर जखम बांधत असताना नेमका मार बसला तर सगळं रेशीम वाया. बदल्यात हॉर्नेटला हवेत असतानाही जखम बांधता येते, आणि ही सवलत मोठी आहे. बॉसच्या डोक्यावरून उडी मारताना वरच्या वर तीन मास्क भरून घेण्यात जी मजा आहे ती पहिल्या भागात कुठेच नाही.

याच्या जोडीला दुहेरी मार. पहिल्या भागात बहुतेक शत्रूंचा एक फटका म्हणजे एक मास्क. दोन-दोन नेणारे बॉस सहसा उशिराच भेटायचे. इथे ते पहिल्या काही तासांतच सुरू होतं. पाच मास्क असताना दुहेरी मार करणारा बॉस तीन फटक्यांत संपवतो. मग तुम्ही दऱ्याखोऱ्यांतून चार तुकडे शोधून सहावा मास्क जोडता, आणि बॉस तरीही तीनच फटक्यांत संपवतो. सातवा मास्क आल्यावर कुठे एक फटका जास्तीचा सोसता येतो. पहिल्या भागात प्रत्येक नवा मास्क म्हणजे आनंद होता. इथे अर्धे मास्क नुसते शोभेला असतात. माझ्या मते या गेममधली सगळ्यांत कच्ची गोष्ट हीच आहे. अवघड असणं ठीक आहे, पण कष्टाचं बक्षीस हातात पडल्यावर ते जाणवायला नको का?

बाजारात आल्यावर काही दिवसांतच त्यांनी सुरुवातीचे दोन बॉस, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर, किंचित सौम्य केले, काही ठिकाणचा मार कमी केला आणि बाकांचे दरही उतरवले. नव्याने सुरू करणाऱ्यांना आता हा थोडा मवाळ झालेला खेळच मिळेल. थोडाच, बरं का.

बाकांचे दर म्हणजे काय, ते सांगतो. दोन्ही गेममध्ये विसाव्याला बाक आहेत. बाकावर बसलं की जीव भरतो, खेळ सेव्ह होतो, मेल्यावर तिथूनच सुरुवात होते. पहिल्या भागात बाक म्हणजे हक्काची जागा. पैसे टाकून उघडावे लागणारे बाक तिथेही होते, पण क्वचित. ‘सिल्कसाँग’मध्ये यंत्रात मणी, म्हणजे इथले पैसे, टाकल्याशिवाय बसता येत नाही असे बाक जागोजागी आहेत. हंटर्स मार्च नावाच्या भागात तर एक बाक चक्क सापळा आहे. बसलात की मार पडतो, जवळच दडवलेली कळ शोधून तो निकामी करावा लागतो. बाइलवॉटर नावाची घाणेरडी दलदल आहे, तिथे पाण्यात पडलं की अंगाला अळ्या चिकटतात आणि त्या जाईपर्यंत जखम भरता येत नाही. आणि तिथला बाक भिंतीआड लपवलेला आहे. माझी भाची शेजारी बसून बघत होती, ती म्हणाली, ‘मामा, हे लोक मुद्दाम छळतात.’ बरोबर आहे तिचं. मुद्दामच.

पण हा छळ उगाच नाही, आणि म्हणूनच मला हा गेम पहिल्याच्या बरोबरीचा वाटतो. पहिल्या भागातलं हॅलोनेस्ट हे मेलेलं राज्य होतं. तिथे सगळं होऊन गेलेलं. आपण डर्टमाउथ नावाच्या ओसाड गावातून विहिरीत उतरायचो आणि खाली खाली जात राहायचो. दुसऱ्या भागातलं फार्लूम जिवंत आहे आणि तिथे सगळे वर निघालेत. डोंगराच्या माथ्यावर एक भव्य देवनगरी आहे, सिटाडेल, आणि तिच्या दर्शनाला राज्यभरातले भाविक पायी चालत निघालेत. रस्त्याच्या कडेला त्यातल्याच कितीतरी जणांची प्रेतं पडलेली. इथलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. रानटी किड्यांना मारलं तर ते मिळत नाहीत. मिळतात ते वाटेत झपाटलेल्या भाविकांकडून आणि सिटाडेलच्या सेवेकऱ्यांकडून. विसावायला मणी, प्रवासाचं स्थानक उघडायला मणी, नकाशाला मणी. मेल्यावर मणी गमवायचे नसतील तर ते माळेत ओवून घ्यायचे, आणि त्यातही ओवणारा आपला हिस्सा कापून घेणार. सिटाडेलमध्ये पोचल्यावर खालच्या मजल्यांवर राबणारे कामगार दिसतात, त्यांच्या जिवावर वरचं सोन्याचं वैभव उभं आहे, आणि मग लक्षात येतं की आपल्याला एवढा वेळ जो कातावून सोडणारा खर्च वाटत होता, तो या राज्याचा कारभारच आहे. ज्यांनी मोठ्या देवस्थानांत पाच तासांच्या रांगेशेजारून पासधारकांना पुढे जाताना पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या सगळ्यात शेर्मा नावाचा एक भाविक भेटतो. लहान चणीचा, अतिशय भाबडा, सतत गात असलेला. सुरुवातीला एका बंद दारासमोर तो गाणं म्हणत उभा असतो, की गाण्याने दार उघडेल. आपण वळसा घालून पलीकडून खटका ओढतो, दार उघडतं, आणि त्याला वाटतं की गाणं पोचलं. हॉर्नेट त्याला खरं काय ते सांगत बसत नाही. तो पुढेही वाटेत भेटत राहतो. त्याचं काय होतं ते लिहीत नाही, पण या दोन गेममधल्या सगळ्या पात्रांत माझ्या मनात घर केलं ते याने. पहिल्या भागातला क्विरल, जो निळ्या तळ्याकाठी बसलेला सापडतो, तोही मनातून जात नाही. पण त्याच्याशी आपलं नातं बघ्याचं होतं.

आणि हे नातं बदलण्याचं कारण म्हणजे हॉर्नेट बोलते. पहिल्या भागातला योद्धा मुका. लोक त्याच्याशी बोलायचे आणि तो नुसता उभा. त्यामुळे हॅलोनेस्टमध्ये एक विलक्षण एकटेपणा होता. सिटी ऑफ टिअर्समध्ये काचेवरून पाऊस ओघळताना नुसतं उभं राहायचं, काही करायचं नाही, तरी वेळ वाया गेला असं वाटत नसे. हॉर्नेट उत्तरं देते, टोमणे मारते, सल्ले देते, क्वचित हळवी होते. तिचा रुबाब छान लिहिलाय. पण बोलणाऱ्या माणसाबरोबर तसं नुसतं उभं राहता येत नाही. ज्यांना पहिला भाग त्या शांततेसाठी आवडला होता, त्यांना दुसऱ्यात गलका वाटेल. माझ्या एका मित्राला वाटला आणि त्याने अर्ध्यात सोडला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

हाताला मात्र हॉर्नेट केव्हाही भारी. ती धावते, कड्याला हात घालून वर चढते, आणि पुढे अंगरखा पसरून तरंगायला लागते. पहिल्या भागातला योद्धा तिच्यापुढे अगदी जडशीळ वाटतो. एक अडचण आहे, आणि पहिला भाग मुरलेल्यांनाच ती जास्त नडते. त्यात उडी मारून खाली खिळा मारला की तो सरळ खाली बसायचा, शत्रूवरून चेंडूसारखं टप्पे घेत जाता यायचं. हॉर्नेटचा खालचा वार सुरुवातीला तिरका जातो. बोटांना वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे सुरुवातीला माणूस काट्यांतच उतरतो. मग ‘क्रेस्ट’ मिळायला लागतात. एकेका क्रेस्टने वार करायची ढब पूर्ण बदलते. वॉन्डरर नावाचा क्रेस्ट लावला की वार आखूड, चपळ आणि सरळ खाली, म्हणजे जवळजवळ जुना योद्धाच. बरेच जुने खेळाडू तो मिळाल्यावर दुसरीकडे बघतही नाहीत. मी म्हणेन, घाई करू नका. तिरका वार एकदा अंगात मुरला की आडवं अंतर कापत हल्ला करता येतो, आणि या गेमच्या जागा त्याच हिशेबाने रचलेल्या आहेत.

पहिल्या भागात ‘चार्म’ होते, म्हणजे एक प्रकारचे ताईत, हवे ते निवडून जोडायचे. त्या जोडण्यांचा मोकळेपणा मला अजून जास्त आवडतो. इथे टूल्स आहेत: फेकायच्या सुया, सापळे, छोटी उडती यंत्रं. प्रकार भरपूर, आणि अडलेल्या बॉसला ती खरोखर उपयोगी पडतात. पण ती वापरली की कवचाचे तुकडे खर्च होतात, आणि एकाच बॉसपुढे परत परत मरत राहिलं की तुकडे संपतात. मग लढाई सोडून तुकडे गोळा करत फिरा. ज्याला टूल्सची सगळ्यांत जास्त गरज आहे, नेमका तोच कंगाल होतो. हे कोणाला सुचलं असेल?

बॉसबद्दल बोलायचं तर इथे दुसरा भाग पुढे आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. पहिल्यातले मँटिस लॉर्ड्स मला अजूनही आदर्श वाटतात; हरल्यावर ते अदबीने झुकतात, आणि जिंकल्याचा खरा मान वाटतो. पण ‘सिल्कसाँग’मधल्या कॉगवर्क डान्सर्सची लढत मी ओळखीच्या प्रत्येकाला दाखवली आहे. दोन यांत्रिक नर्तक तालावर, ठरलेल्या रेघांवरून फिरतात. ताल पकडला की आपणही त्यांच्या नाचात तिसरे होतो. एक पडल्यावर दुसरा जे करतो ते बघताना माझा हात थांबला होता. लेस नावाच्या प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या लढती म्हणजे दोन तलवारबाजांचा सामना. ट्रोबियो नावाचा नाटकी कलाकार रंगमंच, आतषबाजी, सगळा थाट घेऊन येतो. उलट सॅव्हेज बीस्टफ्लाय. मोठा आडदांड उडता किडा, त्यात मध्येच सोडलेले छोटे शत्रू, आणि त्यातले कुठले येतील ते नशिबावर. शिकण्यासारखं काही नाही, नुसतं तग धरणं. असले बॉस एक-दोनच आहेत, पण आहेत.

बॉसपर्यंत परत जाण्याची पायपीट दोन्ही भागांत आहे. पहिल्यात वॉचर नाइट्स किंवा ट्रेटर लॉर्डकडे जाताना लोकांनी जे शिव्याशाप दिले होते, तेच इथे लास्ट जजच्या वाटेवर दिले जातात. फरक म्हणजे हॉर्नेट चपळ असल्यामुळे ती वाट नंतर नंतर जवळजवळ गाण्यासारखी तोंडपाठ होते.

छोट्या कामगिऱ्या हा दुसऱ्या भागातला नवा प्रकार. गावातल्या फळ्यावर लोक आपापल्या इच्छा लावतात आणि आपण त्या पुऱ्या करायच्या. यातल्या काही निव्वळ भरताड आहेत, अमुक किडे मारून तमुक वस्तू इतक्या आणा. पण बेलहार्ट नावाच्या गावात याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. आपण पहिल्यांदा जातो तेव्हा ते रेशमात जखडलेलं असतं. नंतर माणसं, म्हणजे किडे, मोकळे होतात, दुकानं उघडतात, आपण वर्गणी दिली की डागडुजी होते आणि शेवटी हॉर्नेटला तिथे स्वतःचं घर मिळतं. घंटेच्या आकाराचं छोटंसं घर. दिवे लावा, मेज ठेवा, रंग द्या. लढण्याच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही. मी मात्र सगळे मणी तिथेच उधळले. पूर्ण गेममध्ये नुसतं बसावं असं वाटणारी माझी ती एकच जागा. आणि हो, हरवलेल्या पिसवा शोधायची कामगिरी सोडू नका. त्यांचा काफिला फार गोड आहे, आणि पुढे त्यांची जत्राही भरते.

नकाशाची पद्धत जवळजवळ तीच. पहिल्यात नकाशे विकणारा कॉर्निफर गुणगुणत बसायचा आणि वाटेत कागद विखुरलेले दिसायचे; इथे शाक्रा नावाची योद्धी गात असते आणि तिची लोखंडी कडी भिंतीत रुतलेली दिसतात. कॉर्निफरची ऊब शाक्रात नाही, पण ती गरज पडली तर लढायला धावून येते. संगीत दोन्हीकडे ख्रिस्टोफर लार्किनचं. सिटाडेलमधले समूहस्वर हेडफोन लावून ऐका, एवढंच सांगतो. तांत्रिक बाजू चोख आहे. साध्या लॅपटॉपवरही सुरळीत चालतो, आणि बॅटरीही पटकन खात नाही.

एक सूचना. शेवटचा बॉस हरवला, नामावली सरकली, म्हणजे गेम संपला असं समजू नका. दोन्ही भागांत खरा शेवट त्याच्या पुढे आहे. ‘सिल्कसाँग’मध्ये तर पूर्ण तिसरा अंक त्यामागे दडलेला आहे, आणि तो उघडायला गावागावातल्या कामगिऱ्या केलेल्या लागतात. सरळ वर चढत गेलेल्या माणसाला तो दिसतच नाही. त्या अंकात जग कसं बदलतं ते सांगण्यात मजा नाही. पण तिथे अवघडपणा आणखी चढतो आणि मला मधूनच थकल्यासारखं झालं होतं, हेही खरं. पहिल्या भागाचा शेवट आखीव आणि घट्ट होता. दुसऱ्याचा पसरट आहे. त्यातले दोन-तीन बॉस कमी असते तर चाललं असतं.

घ्यावा की नाही? वीस डॉलरमध्ये एवढा मोठा, एवढ्या निगुतीने केलेला गेम दुसरा सापडणार नाही. पहिल्या भागाला नंतर चार मोफत जोडप्रकरणं मिळाली होती, आणि याच्यासाठीही ‘सी ऑफ सॉरो’ नावाचं समुद्रावरचं मोफत प्रकरण जाहीर झालं आहे. पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल, तर माझं उत्तर ठाम आहे: आधी ‘हॉलो नाइट’. कथा कळण्यासाठी तशी गरज नाही. पण हॉर्नेटची चपळाई एकदा बोटांत बसली की पहिल्या भागातलं ते संथ चालणं सोसवत नाही.

भाचीने उलटं केलं. तिने ‘सिल्कसाँग’ आधी खेळला आणि आता मी तिला पहिला भाग लावून दिलाय. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, ती वैतागून म्हणाली, ‘मामा, हा पळत का नाही?’ स्लायच्या दुकानात स्प्रिंटमास्टर नावाचा चार्म मिळतो, तो घे, असं सांगून मी मोकळा झालो. त्यासाठी आधी स्लायला शोधावं लागेल, हे तिला अजून कळायचंय.